दुसरी बहीण पटत नाही

रविवारच्या पुरवणीत, आतल्या पानावर,
खाणी पुन्हा सुरू होणार या बातमीच्या पाठीमागे
सुरंगीच्या कादंबरीवर पाऊण रकाना आलाय.
पहिलंच पुस्तक म्हणून सांभाळून घेतलंय.
भाषा ताजी. डिचोलीचा बाजार जिवंत.
सतरा वर्षांच्या दोन जुळ्या मुली,
एकीचं मन पाकळी पाकळी उलगडत जातं,
'दुसरी बहीण मात्र पटत नाही.
ती आरशापुरतीच उरते.'

काउंटरवर बसून मी तीनदा वाचलं.
मग उठून कुणाला तरी खोकल्याचं औषध दिलं.

सकाळपासून गिऱ्हाइकं माझंच अभिनंदन करतायत.
कुडणेकर सर रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले,
चष्मा पुसत म्हणाले, 'काय लिहिलंयस गो!
प्रॅक्टिकलला बहिणीच्या जागी तू बसलीस
हे मला तेव्हाच कळलेलं.'
सर, बसले मीच होते, तिच्या जागी.
पुस्तकात ती बसते, माझ्या जागी.
तुम्ही चुकीच्या बाईला बरोबर ओळखलंत.
एवढं सगळं सुटे पैसे मोजता मोजता
कसं सांगायचं?
मी म्हटलं, जेवणानंतर एक.

प्रकाशनाला वाचनालयाचा वरचा हॉल भरला होता.
पाहुणे म्हापशाहून, उशिरा, धापा टाकत आले
आणि शाल त्यांनी माझ्याच खांद्यांवर घातली.
हशा. फोटो. पुन्हा हशा.
मी ती काढून सुरंगीला दिली
तेव्हा जरा गरम झालेली होती.
आई पहिल्या रांगेत.
तिनं पुस्तक वाचलेलं नाही, वाचणारही नाही,
मुखपृष्ठावरच्या दोन मुलींवर आळीपाळीनं बोट ठेवत
विचारत होती, 'यातली तू कुठची, शेवंती?'
एकाच मुलीचा फोटो तो,
उलटा करून दोनदा छापलेला.

सातव्या प्रकरणात ताप आहे.
ट्रकांची लाल धूळ खिडकीच्या गजांवर,
कंदिलाशी वाकलेले डॉक्टर, त्यांची घाई.
दोघींपैकी जी जागी होती तिला त्यांनी सुई टोचली.
जागी मी होते.
ताप तिला होता.
मी ओरडले नाही. वाटलं,
आपलंच काहीतरी चुकलं असेल.
पुस्तकात ताप मला येतो, सुई तिला बसते,
आणि ती ओरडत नाही.
कॉलेजातली एक मुलगी पट्टी घ्यायला आली होती,
म्हणाली, या पानावर मी रडले.
पान चांगलंच आहे.
वाचताना मलाही दंड चोळावासा वाटला,
फक्त कुठला, ते आठवेना.

रात्री पणजीहून तिचा फोन.
'वाचलंस?'
'वाचलं.'
'दुसरीत काय कमी पडलं असेल गो?'
मी शटर अर्धं ओढलं होतं.
म्हटलं, नीट ऐकू येत नाही, उद्या बोलू.
आवाज आमचा एकच, फोनवर आईलाही कळत नाही.
गप्प बसण्यात फरक आहे.
ती गप्प बसते तेव्हा
शब्द शोधत असते.

तेवढ्यात शटरखालून वाकून एक म्हातारा आत आला.
त्याला पाचच गोळ्या हव्या होत्या.
मी पट्टी कात्रीनं मधोमध कापली.
औषधाचं नाव, तारीख, किंमत,
सगळं एका तुकड्यावर जातं.
दुसऱ्यावर नुसत्या गोळ्या, पाठ चंदेरी, कोरी.
नाव असलेला तुकडा मी त्याला दिला.
उरलेला ड्रॉवरमध्ये टाकला, डावीकडच्या.
कसल्या आहेत, ते मला ठाऊक असतं.